शालनच्या जागी

शालन गेली तेव्हा मी तिच्या खोलीच्या दारात उभी होते. आत जागा नव्हती असं नाही, पण आत माझ्यासाठी काही काम उरलं नव्हतं. डिंगोऱ्यात तिच्या भावाच्या घरामागं, कांदाचाळीला लागून तिची खोली. पावसाळा सरत आलेला, बाहेर लख्ख ऊन, शेजारच्या वावरात कुणीतरी फवारणीचा पंप चालवत होतं. तिचे श्वास लांबायला लागले तसं दशरथभाऊंनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, देवघरातून भांड्यात पाणी आणलं आणि त्यात तुळशीचं पान टाकलं. रीतीनं पाहिलं तर तोंडात पाणी घालायचं ते त्यांनीच किंवा त्यांच्या मुलानं. पण भाऊंनी भांडं पुढं केलं ते माझ्या मुलीपुढं. "केतकी, तूच घाल बाई. तिचं लेकरू म्हणावं तर तूच." केतकीनं तिचं डोकं जरासं उचललं आणि चमच्यानं पाणी घातलं. ते आत गेलं की ओठांवरच राहिलं, मला दारातून दिसलं नाही. मैत्रीण गेल्याचं दुःख मला झालं, खूप झालं, पण ते नंतर. त्याच्या आधी आत वेगळंच काहीतरी जळालं. ते पाणी माझ्या वाट्याचं होतं... माझ्या लेकीच्या हातचं.

हे असं छापायचं नसतं, मला कळतं. पुरवणीच्या संपादकांनी "जिवलग मैत्रीण म्हणून चार शब्द लिहा" असं सांगितलं. जिवलग होतोच आम्ही. नारायणगावातली शोकसभा झाली तेव्हा पहिल्या रांगेत मला बसवलं होतं. एकेक जण उठून सांगत होता, बाईंनी माझा भाऊ वाचवला, बाईंनी आमच्या गावाला अमुक शिकवलं. अपघात आणि आपत्ती हे शालनचं क्षेत्र. रस्त्यावर पडलेला माणूस जिवंत दवाखान्यात पोचला पाहिजे, या एका गोष्टीसाठी ती जन्मभर जुन्नर-आंबेगाव पायाखाली घालत राहिली आणि मधूनमधून देशात कुठंही जमीन हलली, पाणी चढलं की तिकडं धावत राहिली. तिच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं या दोन तालुक्यांत पैशाला पासरी आहेत. तिच्यावर मनापासून जळणारी मात्र मी एकटीच असेन, आणि ते वगळून लिहिलं तर ही शालन भलतीच कुणीतरी होईल.

मी राजुरीची, ती डिंगोऱ्याची. पुण्याला मेडिकलला गेलो तेव्हा वसतिगृहात एकाच खोलीत आलो, कारण दोघींच्या पेट्यांवर जुन्नर लिहिलेलं होतं. मी अभ्यासू. ती नापास कधी झाली नाही, पण पुस्तकाशी तिचं फारसं जमलं नाही. ड्यूटी नसतानाही ती कॅज्युअल्टीत पडीक असायची. कपड्यांवर रक्ताचे डाग घेऊन खोलीत यायची आणि माझ्या स्वच्छ चादरीवर बसून आज काय काय आलं ते सांगायची. मी म्हणायचे, "आधी आंघोळ कर." वॉर्डातले मामा, सिस्टर, सगळ्यांना ती नावानं ओळखायची आणि ते तिला. शेवटच्या वर्षी मला दोन विषयांत पदक मिळालं. निरोपाच्या कार्यक्रमात सरांनी माझे गुण वाचून दाखवले, टाळ्या झाल्या. मग ते शालनबद्दल बोलायला लागले आणि बोलतच राहिले. कुठल्याशा बस अपघातात तिनं स्ट्रेचर कमी पडल्यावर दारंच बिजागऱ्यांतून काढून आणली होती म्हणे. लोक हसत होते. मी पदक हातात धरून बसले होते. तेव्हापासून सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

पुढं मी स्त्रीरोगतज्ज्ञ झाले, लग्न होऊन नारायणगावात आले, नवऱ्याच्या मदतीनं प्रसूतिगृह काढलं. शालन पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात काही वर्षं राहिली, मग एकाएकी सगळं सोडून इकडं परत आली. तिचं म्हणणं असं, की आपल्याकडचा माणूस अपघातानं मरत नाही, आपल्या माणसांच्या प्रेमानं मरतो. हायवेवर दुचाकी आणि टोमॅटोची पिकअप धडकली की आजूबाजूचे सगळे धावतात, आणि पहिली गोष्ट काय करतात, तर पाणी पाजतात. मरत्याच्या तोंडात पाणी घालणं हे आपल्याकडं पुण्याचं काम. पण बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी पोटात न जाता श्वासाच्या नळीत जातं, आणि ज्याचं नुसतं हाड मोडलं होतं तो गुदमरून जातो. मग चौघं जण हातपाय धरून त्याला उचलतात, मान खाली लोंबकळत असते, आणि तसाच जीपमध्ये कोंबतात. गावोगावी देवळात, शाळेत, कांद्याच्या लिलावाला जमलेल्या माणसांत उभी राहून ती हेच सांगायची. पाणी देऊ नका. ओढू नका. मान धरा. लोक सुरुवातीला चिडायचे. एका म्हाताऱ्यानं तिला तोंडावर सुनावलं होतं, "मरणाऱ्याला पाणी नाय म्हणती, कसली तू डाक्टर?" पुढं तिचं नावच पाणी-नको बाई पडलं. तिला ते फार आवडायचं.

शेअर जीपवाल्यांना तिनं सगळ्यात आधी धरलं, कारण ॲम्ब्युलन्स येण्याआधी जीप येते. रक्त कसं दाबायचं, मान कशी धरायची, हे तिनं त्यांच्याकडून इतकं घोटून घेतलं, की त्यांच्यातले काही जण आपल्या बायकांवर घरी सराव करायचे. एकदा मी जुन्नरला जायला जीपमध्ये चढत होते. ड्रायव्हरनं मला पाहिलं आणि पुढच्या सीटवरच्या दोघांना उठवलं. "बाई, तुमी पुढं बसा. शालनबाईंच्या मैतरीण ना तुमी?" मी म्हटलं, "अरे, तुझा जन्म माझ्या हातावर झालाय. तुझी आई आमच्याकडं होती." तो म्हणाला, "व्हय का? आईला इचारतो." आणि वाटभर शालनबाईंचं पुराण लावलं. या तालुक्यातली निम्मी पोरं मी बाहेर काढली आहेत, पण जन्म कुणाच्या हातून झाला हे कुणाला आठवत नाही. मरता मरता कुणी वाचवलं, ते मात्र माणूस नातवंडांना सांगतो.

इथपर्यंत सगळं चालण्यासारखं होतं. मैत्रिणीचं नाव आपल्यापेक्षा मोठं झालं की पोटात दुखतं, आणि मग जेवण झालं की थांबतं. खरी गोष्ट केतकीची आहे. मला ही एकच मुलगी. तिचा डबा मी केला, पाढे मी घेतले, ताप आला की रात्र मी जागवली. शालन वर्षातून दोन-चारदा धुळीनं माखून यायची, पायरीवर बसूनच बूट काढायची आणि केतकी माझ्या मांडीवरून उठून तिच्याकडं पळायची. शालननं तिला झोळी बांधायला शिकवली ती माझ्या नव्याकोऱ्या ओढणीवर. नंतर आठवडाभर घरात येईल त्याचा हात गळ्यात बांधलेला असायचा, दूधवाल्याचासुद्धा. शालन लांब कुठं भूकंपाच्या ठिकाणी गेली, की ही फोनपाशी बसून राहायची. फोन आला की "मावशी, किती जण काढलेस?" असं विचारायची. माझ्या दवाखान्यात त्या दिवशी काय झालं, हे तिनं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. मुलांना रोजचं जेवण दिसत नाही, पाहुण्यानं आणलेला खाऊ दिसतो. हे मी दुसऱ्या आयांना शंभरदा समजावून सांगितलंय.

आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर दरड आली तेव्हा केतकी इंटर्न होती. शालननं बोलावलं तशी तिच्याबरोबर गेली, आणि मीही गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण गेले. पाऊस थांबत नव्हता. वरच्या चिखलात जे चाललं होतं त्याबद्दल मी लिहिणार नाही. ते ज्यांचं आहे त्यांचंच राहू दे. खालच्या गावातल्या शाळेत माणसं आणत होते. कुणाला आधी बघायचं, कोण थांबू शकतं, हे एका नजरेत ठरवणं हा शालनच्या कामाचा गाभा. त्यासाठी मनगटाला रंगाची पट्टी बांधतात. सरकारी पट्ट्या अजून पोचल्या नव्हत्या, म्हणून तिनं गावातल्या दुकानातून ओटीचे ब्लाउजपीस मागवले आणि टराटरा फाडले. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळानं, हिरवा म्हणजे जो चालू शकतो, ज्याला थांबता येतं. मला पाहिल्यावर तिनं "आलीस?" एवढंच विचारलं आणि म्हणाली, "नंदे, तू हिरव्यांकडं बघ." मी, सुनंदा, दोन पदकांची मानकरी... हिरव्यांकडं. त्या हिरव्यांतच एक पोटुशी बाई होती, भिजलेली, काही न बोलणारी, आणि तिला कळा सुरू झाल्या. चौथीच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून, मी तिचं बाळंतपण केलं. मुलगी झाली. चांगली खणखणीत रडली. त्या दिवशी त्या शाळेत तेवढंच रडणं ऐकावंसं वाटणारं होतं. मी हात पुसत पुसत व्हरांड्यात आले, मला केतकीला सांगायचं होतं, आत नेऊन दाखवायचं होतं. ती सलाईनची बाटली उंच धरून उभी होती. "केतकी, ऐक ना..." म्हटलं. ती म्हणाली, "आई, थांब जरा, मावशी हाक मारतीये." आणि गेली. मला थांबता येत होतं, म्हणून मी थांबले. नंतर कुणीतरी चहा आणून दिला तो घेतला.

त्याच वर्षी दवाखान्याची पाटी नवी केली. माझ्या नावाखाली जागा सोडायला सांगितली. पेंटर म्हणाला, "मॅडम, मोकळं दिसतंय." मी म्हटलं, "दिसू दे." मग एक दिवस केतकीनं सांगितलं की ती इमर्जन्सी मेडिसिन करणार. बाळंतपणं नाहीत, नारायणगाव नाही. मी शालनला बोलावून घेतलं. ती आली, दवाखान्याच्या गच्चीत बसली, चहात बिस्किट बुडवून खायला लागली. मी म्हटलं, "माझी मुलगी मला परत दे."

"मी कुठं नेलीय? ती चालत येते माझ्याकडं."

"तू ये म्हणतेस म्हणून येते."

तिनं बिस्किट संपवलं. "नंदे, तुझ्याकडं येणारी बाई नऊ महिने आधी सांगून येते. माझ्याकडं कुणीच सांगून येत नाही. तुझ्या पोरीला न सांगता येणारं आवडतं, त्याला मी काय करू? भांडायचं असेल तर भांड. पण ती पाटीवरची जागा बुजवून टाक. पोरगी येता-जाता बघते ती. तिला त्रास होतो."

हे केतकी तिला सांगत होती, मला नाही. म्हणजे त्रासदेखील तिच्याकडं जमा होत होता. मी त्या दिवशी शालनला जेवून जा म्हटलं नाही, आणि ती आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन भाकरी-पिठलं खाऊन गेली. पाटी मी तशीच ठेवली.

आजारपण आलं ते स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं. सगळं आयुष्य घाईत काढलेल्या बाईला मरण मात्र अगदी सावकाश आलं. ती ॲम्ब्युलन्समध्ये नाही, कॉटवर पडून होती, आणि तिच्यासाठी घाई करण्यासारखं काही नव्हतं. केतकीनं रजा टाकली आणि डिंगोऱ्याला जाऊन राहिली. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा ती शनिवारी आली आणि रविवारी गेली, कारण तेव्हा कुठंतरी पूर आला होता. आता पूर आले तरी ती हलली नाही. मी एक दिवसाआड जायचे. डबा घेऊन जायचे, खरं तर केतकीसाठी. शालन पडल्या पडल्या सगळ्यांवर हुकूम सोडायची. भाऊंना म्हणायची, "दादा, उशी अशी नको रं, मान मोडशील माझी." एकदा केतकी औषध आणायला ओतूरला गेली होती, आम्ही दोघीच होतो. तिनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "जळतेस का गं अजून?"

मी म्हटलं, "हो."

"जळ. कुणीतरी जळायला पाहिजे. बाकी सगळे नुसते पाया पडतात, लई कंटाळा येतो." मग तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "तिला घरी घेऊन जा की. मी सांगून दमले. ऐकत नाही. हट्ट म्हणजे हट्ट... अगदी तुझ्यावर गेलीय."

ते शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय. केतकी माझ्यावर गेलीय, असं त्या घरात दुसरं कुणीही म्हणालं नव्हतं.

आणि मग ती गेली. दिवस झाले, तेरावा झाला. केतकी नारायणगावला आली आणि नुसती झोपली. मी तिच्या आवडीचं करत होते, दार लोटून बघत होते. खरं सांगते, मला वाटलं, आता येईल. आता दुसरं कोणी राहिलंच नाही, तर येईल. चौथ्या की पाचव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "आई, मी डिंगोऱ्यातच राहणार आहे. मावशीची खोली दशरथमामांनी मला दिलीय. गावागावातले वर्ग थांबायला नकोत." मी तिच्या ताटात भात वाढला. साठीला आलेल्या बाईनं एका खोलीवर जळावं, तेही कांदाचाळीशेजारच्या, पत्र्याच्या... पण जळले.

गेल्या आठवड्यात केतकीचा पहिला वर्ग झाला, राजुरीतच, माझ्या माहेरी. वहिनीला भेटायचंय असं सांगून मीही गेले. देवळाच्या सभामंडपात बचतगटाच्या बायका जमल्या होत्या, मागं थोडे बाप्ये उभे. केतकीनं पाण्याचं सांगितलं, उचलण्याचं सांगितलं, मग सतरंजी टाकली आणि म्हणाली, "आता मान कशी धरायची ते दाखवते. एकीनं इथं आडवं व्हा." कुणी हलेना. एक म्हातारी म्हणाली, "आगं, दक्षिणेकडं पाय करून जित्या माणसानं कसं निजावं? लई वंगाळ दिसतंय ते." केतकीनं सतरंजी फिरवून टाकली, तरी कुणी उठेना. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शालनबाई सोता निजायच्या. बघ, गेल्या न्हाई का?" मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं प्रत्येक गावात अंगावर अपशकुन घेऊन शालनच आडवी होत होती, आणि बायका तिचं डोकं धरून शिकत होत्या. माझी मुलगीही तशीच शिकली होती. केतकी मधोमध उभी होती आणि सतरंजीचं टोक उगाच सरळ करत होती. तिला पुढचं काही सुचत नव्हतं, हे मला इतक्या लांबून दिसलं.

मी उठले. "मी पडते," म्हटलं. वहिनी "अहो ताई..." करायला लागली, तिच्याकडं लक्ष दिलं नाही. नेसूची साडी चांगली होती, तशीच सतरंजीवर पडले. खालची फरशी गार होती, वर देवळाचा पंखा फिरत होता. केतकी माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसली, कोपरं जमिनीला लावली आणि दोन्ही तळहातांत माझं डोकं घेतलं. बोटं कानांमागं, अंगठे कपाळाच्या कडेला. घट्ट, पण दुखणार नाही असं. ही पकड तिला शालनच्या डोक्यानं शिकवली होती, हे मला पहिल्या क्षणी कळलं. किती वेळा धरलं असेल हे तिचं डोकं, किती गावांत... माझ्या लेकीनं माझ्या डोक्याला हात लावून किती वर्षं झाली होती कोण जाणे.

ती बायकांना मोठ्यानं सांगायला लागली, "आधी नाव विचारायचं. बोलत ठेवायचं." मग खाली वाकून अगदी अनोळखी माणसाला विचारावं तसं म्हणाली, "नाव काय तुमचं?"

"सुनंदा."

"सुनंदाताई, मी केतकी. मी तुमचं डोकं धरलंय. तुम्ही मान हलवू नका, काही करू नका. गाडी येईपर्यंत मी सोडणार नाही."

हे ती सगळ्यांना सांगते. रस्त्यावर पडलेल्या कुणालाही सांगते. शालन असंच सांगायची, तेच शब्द, शब्दाशब्दांत तसंच थांबून. मला ते कळत होतं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी कानांकडं, केतकीच्या बोटांवर चाललं होतं. मान हलवायची नव्हती म्हणून पुसताही येईना.

"आई, झालं. ऊठ आता," ती कुजबुजली.

"गाडी आली का?" मी विचारलं.

बायका हसल्या. केतकीही हसली असावी, मला खालून तिची हनुवटीच दिसत होती. पण तिनं हात काढले नाहीत. पुढचा वर्ग डिंगोऱ्याला आहे. तिथंही कुणी आडवं व्हायला तयार होणार नाही असं केतकी म्हणते, आणि तिथं माझ्या आधी दुसरी कुणी बाई जाऊन पडली, तर मला ते मुळीच खपणार नाही.